मूठ अगदी हातात बसते

६ जानेवारी

चिंगे,

आधी बसून घे, मग वाच. उभ्यानं वाचलंस तर धाडकन पडशील आणि पुन्हा म्हणशील, दादामुळे लागलं.

तुमच्या मासळीच्या कारखान्यात सगळ्या सुऱ्यांना नवीन मुठी यायच्या आहेत. आणि त्या मुठी कुणाच्या? तुझ्या सख्ख्या भावाच्या! बावीस वर्षं मी दुसऱ्यांनी काढलेल्या चित्रांवरून साचे कोरत आलो. बादल्यांचे कान, कंगव्यांचे दात, डब्यांची झाकणं. अरे साचेकारा, तुझ्या स्वतःच्या डोक्यात काही आहे का, असं एकदा कुणी विचारलं नाही. या वेळी आमच्या मालकांनी विचारलं. मी म्हटलं, आहे.

कशी केली सांगतो. मेण कोमट केलं, गोळा उजव्या हातात घेतला आणि गार होईपर्यंत घट्ट दाबून धरला. उघडून बघतो तर चार बोटांच्या चार खोबणी, अंगठ्याला वेगळी जागा. जणू प्रत्येक बोटाला स्वतःचं घर. त्यावरूनच साचा कोरला. पात्याच्या तोंडाशी तो उंचवटा असतो ना, हात पुढं सरकू नये म्हणून, ज्याला तुम्ही बांध म्हणता, तो मी काढूनच टाकला. बोटं खोबणीत बसल्यावर ती सरकतील कशाला? बांध गेला आणि मूठ काय देखणी झाली म्हणून सांगू! काळी, चकचकीत, नजर ठरत नाही. साचाही सोपा झाला.

आता मुद्द्याचं. तुमच्याकडे सहाजणी आठवडाभर ती वापरून बघणार आणि सुरक्षासाहेबांना लेखी मत देणार. त्या सहांत तुझं नाव मी मुद्दाम घालायला लावलंय. सहाही होकार आले की सगळ्या कारखान्यात माझी मूठ. वहिनी तर आत्तापासून शेजाऱ्यांना सांगत सुटली आहे. मी तिला म्हणतो, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, पण ती ऐकते कुठे.

तू मात्र मोकळेपणानं लिही हं. तुझ्या हाताचं मत माझ्यासाठी सगळ्यात मोठं.

तुझा दादा

---

१५ जानेवारी

दादा,

बसूनच वाचलं. मग उभी राहून परत वाचलं. मग मावशींना वाचून दाखवलं. मावशी म्हणजे आमच्या टेबलावरच्या सगळ्यात जुन्या, त्या सहांतल्याच एक. अख्खा कारखाना त्यांना मावशी म्हणतो, मुकादमसुद्धा. मला सुरी धरायला त्यांनीच शिकवलं. त्या म्हणाल्या, "भाऊ असावा तर असा, आमचे नुसते जेवायला येतात." त्या दिवशी मी इतकी मिरवले की मुकादमानं विचारलं, आज मासे हसत हसत कापतेस का?

आता खरं सांगू? तू मोकळेपणानं म्हणालास म्हणून.

त्या खोबणी तुझ्या बोटांच्या आहेत, दादा. माझा पंजा तुझ्या पाऊणपट. पहिलं बोट पहिल्या खोबणीत घातलं की तिसरं बोट बरोबर दोन खोबणींमधल्या कंगोऱ्यावर येतं, आणि करंगळी चौथ्या घरापर्यंत पोचतच नाही, बाहेरच उभी. जोर दिला की कंगोरा सांध्यात रुततो. टेबलावर आम्ही सगळ्या बायकाच. तुझ्या मापाचा पंजा एकीचाही नाही.

आणि हे झालं मोकळ्या हाताचं. इथं हात मोकळे असतात कधी? आत सुती आणि वर रबरी, असे दोन हातमोजे. तेही एकाच मापाचे येतात, पुरुषी. माझ्या बोटांपुढे अर्धं पेर रिकामं रबर लोंबतं आणि ते खोबणीत दुमडतं. मूठ तशीच जाड, त्यावर दोन थर, म्हणजे माझ्यासाठी ती चांगली दोन सूत, पाव इंच, अजून जाड झाली. बोटांची आणि अंगठ्याची भेटच होत नाही. मग पकड टिकवायला दुप्पट आवळायचं. बर्फाच्या पाण्यानं बोटं बधिर, त्यामुळे किती आवळलंय तेही कळत नाही. दुपारपर्यंत कोपरापर्यंत ठणका लागतो. वर माशाची बुळबुळ आणि तुझी मूठ चकचकीत. कण्याशी पातं अडलं की पातं तिथंच राहतं आणि हात पुढं जातो. परवा माझं बोट पात्यावर गेलं. हातमोजा चिरला, कातडी वाचली. जुन्या मुठीला बांध होता. हात त्याला येऊन थांबायचा.

मावशी म्हणाल्या, "मूठ झकास आहे गं. भावाला म्हणावं, सोबत त्याचे हातही पाठव."

रागावू नकोस. खोबणी काढ, बांध परत लाव, जाडी दोन सूत कमी कर, आणि वरून थोडी खरबरीत ठेव. एवढं केलंस तर तुझ्यासारखी मूठ कुणाची नाही, हे मी छातीठोक सांगेन. मत २५ तारखेला द्यायचं आहे. त्याआधी कळव.

चिंगी

---

१९ जानेवारी

चिंगे,

पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. वहिनीला सांगितलं, पोट बिघडलंय.

तुला वाटतं साचा म्हणजे कणकेचा गोळा आहे, मोडला आणि पुन्हा वळला. पोलाद आहे ते. चार महिने कोरलंय. आता मालकांसमोर जाऊन म्हणू, माझ्या बहिणीला आवडली नाही? उद्यापासून पुन्हा बादल्यांचे कान.

तुला म्हणून सांगतो, दुसऱ्या कुणाला नाही. हातमोज्यांचं मी धरलंच नव्हतं. माप मोकळ्या, कोरड्या हाताचं घेतलं, तेही टेबलाशी खुर्चीत बसून. डोक्यातच आलं नाही. बांधाचंही तुझं बरोबर असेल. झाली चूक. पण ही चूक तुझ्यामाझ्यात राहू दे. एकदा होकार येऊ दे, माझं नाव होऊ दे, की एप्रिलमध्ये दुसरा साचा होणारच आहे. त्यात तू सांगितलेलं सगळं करतो. शब्द देतो.

म्हणून मतात एवढंच लिही, जसंच्या तसं: "मूठ अगदी हातात बसते. हातमोजे घालूनही पकड सुटत नाही. कितीही जोर लावला तरी हात सरकत नाही." तीनच वाक्यं. आणि त्या मावशींचीही सही घे. त्या जुन्या आहेत, त्यांच्या सहीवर बाकीच्या चौघी आपोआप करतील.

आठवतं, बाबांची करवत मी मोडली होती आणि तुला म्हटलं होतं, तू फक्त हो म्हण, तू लहान आहेस, तुला मारणार नाहीत? तू हो म्हणालीस आणि तुलाच दोन बसल्या! आपण नंतर किती हसलो होतो. तसंच समज. तू फक्त हो म्हण. या वेळी मारायला कुणी नाही.

तुझाच दादा

---

२८ जानेवारी

दादा,

तू म्हणालास तसं झालं.

तुझी तीन वाक्यं मी माझ्या अक्षरात लिहिली. मावशींना लिहिता फारसं येत नाही. त्यांनी विचारलं, "काय लिहिलंयस?" मी वाचून दाखवलं. एप्रिलच्या नव्या साच्याचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझा भाऊ तो आमचाही भाऊ. एप्रिलपर्यंत काढू कळ." आणि सही केली. बाकीच्यांनी त्यांची सही बघूनच केली.

करवतीचं मला आठवतं. हसला होतास तू. मी नव्हते हसले, पण जाऊ दे.

एप्रिल म्हणालायस. विसरू नकोस.

चिंगी

---

१६ मे

दादा,

हे तिसरं पत्र. मार्चमधल्याला उत्तर नाही, एप्रिलमधल्याला नाही. वहिनी बऱ्या आहेत ना?

आता टेबलावरच्या एकशेचाळीस जणींच्या हातात तुझी मूठ आहे. संध्याकाळी हातमोजे काढल्यावर बोटं उघडत नाहीत, वाकडीच राहतात. आम्ही कोमट पाण्याच्या घमेल्याभोवती हात बुडवून बसतो. पहिल्या आठवड्यात गंमत वाटायची, सगळ्यांच्या मुठी आवळलेल्या, जणू भांडायलाच बसल्यात. आता कुणी हसत नाही.

मावशींनी एक युक्ती काढली. पात्याच्या तोंडाशी सायकलच्या ट्यूबचे वेढे घट्ट गुंडाळले. झाला बांध तयार. त्या दिवशी किती दिवसांनी हात निर्धास्त चालले. दुसऱ्या दिवशी मुकादमानं सगळ्यांच्या ट्यूब कापून टाकल्या. म्हणाला, त्यात घाण साठते, आणि ज्या मुठीला तुम्ही स्वतः चांगली म्हणालात तिला ठिगळं कशाला?

मला टेबलावरच्या बायकांकडे वर बघवत नाही. त्या वाक्यांवर पहिली सही माझी आहे. नवीन साचा कुठवर आला? मावशींना मी रोज सांगते, पुढच्या महिन्यात. त्या रोज हो म्हणतात.

चिंगी

---

२ जून

चिंगे,

फार गडबडीत आहे, म्हणून थोडक्यात. आणखी दोन कारखान्यांनी मूठ घेतली! मालकांनी भर सभेत माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुसरा साचा सुरू आहे, पण तो या दोन कारखान्यांसाठी, हाच, जसाच्या तसा. बदलायला काही कारण तर हवं ना? लेखी तक्रार एकही नाही. उलट सहाजणींचं उत्तम मत. ते तुझ्याच अक्षरात, साहेबांकडून मागवून, मालकांनी भिंतीवर लावलंय. आता मीच उठून म्हणू की मूठ वाईट?

आणि बोलू का? नाचता येईना अंगण वाकडं, असं करू नये. पकड ही निम्मी मनातच असते. सुरी धरताना मन घरी ठेवलं तर बांध काय करणार आणि खोबणी तरी काय? तुमच्या बायकांना म्हणावं, जरा बोटांचा व्यायाम करा.

सोबत माझा फोटो पाठवतोय, हातात मूठ घेऊन. वहिनी म्हणते, मी त्यात अगदी साहेब दिसतो.

दादा

---

११ जुलै

दादा,

मावशींचा हात गेला.

सोमवारी, जेवणाच्या सुट्टीला थोडा वेळ राहिला होता. मी त्यांच्या शेजारीच होते. मोठा मासा होता. त्यांनी कल्ल्यामागे पातं घातलं, कण्याशी ते अडलं, त्यांनी जोर दिला. सुरी जागच्या जागी राहिली आणि हात तिच्यावरून पुढं गेला, सरळ, मुठीवरून पात्यावर. आवाज काहीच झाला नाही. त्या ओरडल्यासुद्धा नाहीत. हाताकडे बघून म्हणाल्या, "अगं, हातमोजा फाटला." मी हातमोजा ओढून काढला आणि त्यानंतर मला त्यांच्या तोंडाकडे बघण्याचं धैर्य झालं नाही.

मधल्या दोन बोटांच्या शिरा तुटल्या आणि पहिल्या बोटाची अर्धी. डॉक्टर म्हणाले, शिवल्या आहेत, पण ही बोटं आता वाकायची नाहीत. उजवा हात आहे. माझ्या हातावर हात ठेवून याच हातानं त्यांनी मला सुरी शिकवली होती.

ते माझं बोट असायला हवं होतं. सही माझी पहिली होती.

चौकशी लागली आहे, २२ तारखेला. सुरक्षासाहेब सगळ्यांना विचारणार आहेत. मी खरं सांगणार आहे, दादा. मत कुणी लिहायला सांगितलं, तेही सांगणार आहे. तू स्वतः आधी येऊन सांगितलंस तर बरं. चूक कबूल केलेल्या माणसाला कुणी खात नाही. तू ये. मी तुझ्या शेजारी उभी राहीन.

चिंगी

---

१८ जुलै

चिंगे,

तुझं पत्र मिळालं. त्या बाईंचं वाईट वाटलं. पण वय झालं की हात थरथरतोच.

मी येणार नाही. माझ्याऐवजी मी तुमचं जानेवारीचं मत सुरक्षासाहेबांकडे पाठवलंय. त्यात स्वच्छ लिहिलंय की कितीही जोर लावला तरी हात सरकत नाही. अक्षर तुझं, खाली त्या बाईंची सही. ज्या बाई स्वतः असं लिहून देतात त्यांचाच हात सरकला, तर त्यांनी सुरी नीट धरली नव्हती एवढाच अर्थ निघतो. मला काही सांगायची गरजही पडणार नाही.

तू बोलून बघ. आधी लिहिलेलं खोटं की आत्ता बोलतेस ते खोटं, असं विचारतील. दोन्हीकडून तूच खोटी. बहीण म्हणून सांगतो, गप्प राहा, नोकरी तरी वाचेल.

१९ जानेवारीचं माझं पत्र जपून ठेवलं असशील तर आजच जाळ. जाळलंस की तसं कळव. बाबा गेल्यावर तुला मी सांभाळलं, हे विसरू नकोस.

दादा

---

५ ऑगस्ट

दादा,

पत्र जाळलं.

चौकशीत मी खरं बोलले. खोबणी, हातमोजे, बांध, सगळं. तुझं नाव तेवढं तोंडातून निघालं नाही. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि मग माझाच कागद मला वाचून दाखवला. मावशी पलीकडे बसल्या होत्या, हात गळ्यात बांधलेला. तू म्हणालास तसंच त्यांनी विचारलं, खोटं कधीचं, तेव्हाचं की आत्ताचं? निकाल लागला, मावशींचा हलगर्जीपणा. त्यांना घरी बसवलं. मला टेबलावरून काढून खोकी धुवायला लावलंय. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

बाहेर पडताना मावशी मला एवढंच म्हणाल्या, "मला कागदातलं काही कळत नाही गं. तुला तर कळत होतं."

चिंगी

---

१४ ऑगस्ट

माझी गुणाची चिंगी,

शेवटी रक्ताचं नातं ते नातं! पत्र जाळलंस, नाव घेतलं नाहीस, ऊर भरून आला. खोक्यांचं फार मनाला लावून घेऊ नकोस, दोन-तीन महिन्यांत मीच साहेबांकडे शब्द टाकतो. आता माझ्या शब्दाला वजन आहे.

त्याचंच सांगायला लिहितोय. निकाल लागला तरी तुमच्या टेबलावर कुजबुज आहे म्हणे, बायका सुरी उचलायला कुरकुर करतात. म्हणून सुरक्षासाहेबांनी तोड काढली. मूठ बनवणाऱ्यानंच सगळ्यांसमोर टेबलावर उभं राहून मासे कापून दाखवायचे. नवीन दोन कारखान्यांचे लोकही येणार आहेत. मालक म्हणाले, "दाखवाल ना?" मी म्हटलं, दाखवतो की, माझाच तर हात आहे त्या मुठीत! २३ तारखेला येतोय.

एकच विचारायचं होतं. मासा मी कधी कापलेला नाही, आणि तुमचे ते दुहेरी हातमोजे घालून मी मूठ कधी धरलीही नाही. इथं तसले मिळत नाहीत. माझा पंजा मोठा, खोबणी माझ्याच, त्यामुळे काळजीचं काही नसणार. तरीपण तू रोज हे काम केलेली. मला काही धोका आहे का? जोर किती लावायचा? काही सांभाळायचं असेल तर मोकळेपणानं लिही. तुझ्या शब्दावर मी डोळे मिटून उभा राहीन.

तुझाच दादा

---

१८ ऑगस्ट

दादा,

मूठ अगदी हातात बसते. हातमोजे घालूनही पकड सुटत नाही. कितीही जोर लावला तरी हात सरकत नाही.

पाहुणे येणार आहेत तर मोठा मासा मागून घे. तो छान दिसतो.

चिंगी

---

३० ऑगस्ट

चिंगी,

हे मी लिहिते आहे, तुझी वहिनी. ह्यांना लिहिता येत नाही.

तू त्या दिवशी तिथं होतीस, असं ह्यांचे मालक म्हणाले. खोकी घेऊन दाराशी उभी होतीस म्हणे. मग काय झालं ते तुला सांगायला नको. पहिले दोन छोटे मासे कापले, टाळ्या झाल्या. मग ह्यांनी स्वतःच सगळ्यात मोठा मासा मागितला. कण्याशी सुरी अडली आणि ह्यांनी अंगाचा सगळा भार टाकला. तीन बोटं. अंगठ्याच्या मुळापर्यंत चिरलंय. डॉक्टर म्हणतात जखम भरेल, पण पकड येणार नाही. साचेकाराच्या हातात पकड नाही म्हणजे काय, हे मी तुला सांगायला हवं का? मालकांनी मुठी परत मागवल्या आणि ह्यांना दवाखान्यात बघायलाही कुणाला पाठवलं नाही.

सगळे म्हणतात, हात दाखवून अवलक्षण. मी कुणाचं मनावर घेत नाही. पण हे शुद्धीवर आल्यापासून एकच विचारतात. पुन्हा पुन्हा. "चिंगीला माहीत होतं का? तिनं लिहिलं होतं, काही होत नाही. तिला विचार." मी म्हणते, अहो, पाठची बहीण आहे ती, असं कसं करेल. तर भिंतीकडे तोंड करून पडून राहतात.

तू मला खरं काय ते लिही. मी त्यांना वाचून दाखवीन. तू नाही म्हणालीस तर त्यांना झोप तरी लागेल.

वहिनी

---

४ सप्टेंबर

वहिनी,

माहीत होतं. जानेवारीपासून. त्यालाही जानेवारीपासून माहीत होतं.

त्याच्या पत्राला मी दोन उत्तरं लिहिली होती. पहिल्यात सगळं होतं. हातमोज्यात मूठ धरू नकोस, कण्याशी जोर लावू नकोस, मुळात येऊच नकोस, सांग ताप आला. ते पाकिटात घालून टपालात टाकायला निघाले. वाटेत मावशींचं घर लागतं. आत गेले तर त्या एका हातानं केस विंचरायची खटपट करत होत्या. उजव्या हातात कंगवा ठरत नव्हता, सारखा पडत होता. मी त्यांची वेणी घातली. घरी येऊन ते पत्र फाडलं आणि दुसरं लिहिलं.

दाराशी मी होते. ओरडून थांबवता आलं असतं. तोंड उघडलंही होतं मी. मग त्यानं मोठा मासा मागितला, आणि समोरच्या बायका हातमोज्यातले हात छातीशी धरून उभ्या होत्या. मी तोंड मिटलं.

वाईट वाटतं का, असं तुमच्या मनात येईल. वाटतं. तो माझा दादा आहे, मला सायकल त्यानं शिकवली, बाबा गेल्यावर माझ्या ताटात आधी तोच वाढायचा. मला हल्ली जेवण जात नाही. पण आधी मावशींच्या हाताचं वाईट वाटतं आणि मग त्याच्या. हा क्रम काही केल्या बदलत नाही.

तो म्हणतो, मी लिहिलं होतं, काही होत नाही. मोठ्या माशाचं सोडलं तर मी माझ्या मनाचं काहीच लिहिलं नव्हतं. सोबत त्याचं १९ जानेवारीचं पत्र पाठवते आहे. जाळलं म्हणून कळवलं होतं, जाळलं नव्हतं. चौकशीच्या दिवशी ते माझ्या पिशवीत होतं आणि भाऊ म्हणून मी ते बाहेर काढलं नाही. त्यातली तीन वाक्यं बघा. माझ्या १८ ऑगस्टच्या पत्रात तीच आहेत, एक शब्द इकडेतिकडे नाही. त्यानं सांगितलं होतं, जसंच्या तसं लिही.

दोन्ही पत्रं शेजारी शेजारी धरून त्याला दाखवा. त्याला स्वतःला धरता येणार नाहीत, तुम्हीच धरा.

चिंगी